कोयनेच्या धक्क्याचे मोजमाप

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी आपल्या सातारा जिल्ह्यातील कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. सुमारे दोनशे माणसे दगावली. भूकंप म्हणजे देवीचा कोप, ही समजूत तेव्हा होती आणि आजही ती पुरती गेलेली नाही. त्याच पहाटे कोयना धरणातील एका यंत्राने मात्र जमिनीच्या हालचालीची अस्सल नोंद करून ठेवली.

साधा भूकंपमापक अत्यंत संवेदनशील असतो. हजारो किलोमीटर दूरचा कंपही तो टिपतो. परंतु उगमाजवळच्या मोठ्या धक्क्यात त्याची रेघ कागदाबाहेर जाते. म्हणून जेथे खडक तुटून सरकतात त्या भ्रंशाजवळ त्वरणमापक लागतो. जमीन जोराने हलली की तो जागा होतो आणि तिचा वेग क्षणोक्षणी किती झपाट्याने बदलतो, हे लिहून ठेवतो. भिंतीवर येणारा रेटा या बदलावरच ठरतो.

सुमारे ६.३ रिश्टरच्या त्या भूकंपात धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट त्वरण नोंदले गेले. म्हणजे शंभर किलोच्या दगडाला क्षणभर त्रेसष्ट किलो वजनाइतका आडवा रेटा. धरणाच्या आराखड्यात ०.०५ पट रेटा गृहीत धरला होता. क्षणिक कमाल आणि आराखड्यातील स्थिर आकडा यांची सरळ तुलना होत नाही. तरीही ही तफावत मोठीच होती. १०३ मीटर उंचीच्या धरणाला आडव्या भेगा पडल्या. ते टिकले आणि पुढे मजबूत करण्यात आले.

दख्खनचे पठार स्थिर आहे, हे तोवर विद्वानांनाही मान्य होते. या भूकंपानंतर, १९७० च्या नकाशात, कोयना परिसर भूकंपप्रवणतेच्या चौथ्या क्षेत्रात गेला. कोयनेच्या नोंदीवर जगभरचे अभियंते आजही धरणांची गणिते तपासतात.

तथागतांचा धम्म ‘एहिपस्सिको’ आहे: या आणि स्वतः पाहा. समजूत देवळातली असो वा ग्रंथातली, ती पुराव्यावर घासून पाहावी, हे आम्ही वर्गात याच उदाहरणावरून सांगतो. या पाहण्याचा शेवट मात्र आपल्या घरापाशी व्हावा. १९९३ साली किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी झोपलेल्या माणसांना गाडले. भिंतीचे दोन्ही थर जोडणारे आरपार दगड आणि दारे-खिडक्यांवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, एवढ्यानेही घर अधिक तग धरते. घर बांधताना आपल्या गवंड्याला या दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात.