लांब भाला घेतला, तरी माणूस मेलाच की!

हा एपिसोड लिहून काढलाय, कारण नियम कानाने ऐकून डोक्यात बसत नाहीत. आजचा विषय रीच. इन्स्टाचा नाही हं, हत्याराचा.

आधी भांडण सांगतो. आम्ही दर शनिवारी हडपसरला एका मित्राच्या फ्लॅटवर डी अँड डी खेळतो आणि डीएम मी असतो. यावेळी म्हटलं, एल्फ-ड्रॅगन पुरे, आपल्याच गावची लढाई खेळू. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी याच हडपसर भागात शिंदे-पेशव्यांच्या फौजेला हरवलं. दुसरा बाजीराव पुण्यातून निसटला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी वसईचा तह करून बसला. आपण रोज जिथे सिग्नलला शिव्या घालतो, तिथली ही गोष्ट.

माझा एक मित्र शिंद्यांच्या तोफेवरचा पहारेकरी झाला. हातात पाइक, म्हणजे खूप लांब भाला. हिट पॉइंट उरले होते चार. होळकरांचा एक तलवारवाला त्याच्याकडे धावत आला. मित्र ओरडला, "माझ्या टप्प्यात आला, आधी मी मारणार!" मी म्हटलं, नाही. तलवारवाल्याने वार केला, पहारेकरी मेला. मित्राने फासे पिशवीत भरले आणि पुढचे दोन शनिवार आलाच नाही.

नियम माझ्या बाजूने होता. पाचव्या आवृत्तीत नकाशावरचा एक चौकोन पाच फुटांचा असतो. साध्या हत्याराचा टप्पा पाच फूट. पाइक, हॅलबर्ड, ग्लेव्ह यांना रीच असतो, म्हणजे आणखी पाच फूट, एकूण दहा. आता कळीचा मुद्दा : फुकटचा वार, म्हणजे ऑपर्च्युनिटी अटॅक, शत्रू तुमच्या टप्प्यातून *बाहेर* जाताना मिळतो. आत येताना नाही. वर तो तुमची रिअ‍ॅक्शन खातो, म्हणजे तुमची पुढची पाळी येईपर्यंत एकच.

याचा उलटा परिणाम बघा. शत्रू तुमच्या शेजारी उभा आहे आणि एक चौकोन मागे सरकला. साधी तलवार असती तर तो टप्प्याबाहेर गेला असता आणि तुम्हाला वार मिळाला असता. तुमच्याकडे पाइक आहे, त्यामुळे तो अजून टप्प्यातच आहे. वार नाही! लांब हत्यार घेतलं म्हणून शत्रूलाच हलायला जागा मिळाली.

मित्राला हवा होता तो वार पोलआर्म मास्टर या फीटमुळे मिळतो. शत्रू टप्प्यात शिरला की फटका. सोबत सेंटिनेल घेतलं तर फटका लागताच शत्रूचा वेग शून्य. तो दहा फुटांवर अडकतो आणि त्याची तलवार पोचत नाही. (२०१४ च्या पुस्तकात या वारासाठी पोलआर्म मास्टरच्या यादीत पाइक आहे. २०२४ च्या पुस्तकातही ती चालते. हे वाचून मीच कपाळाला हात लावला.)

जुन्या ३.५ आवृत्तीत मित्र बरोबर ठरला असता. तिथे टप्प्यातल्या एका चौकोनातून दुसऱ्यात जातानाही वार बसू शकतो, म्हणून भालेवाल्याकडे धावत येणं महागात पडतं. पण त्याला किंमत आहे : शत्रू अगदी शेजारी आला की बहुतेक लांब हत्यारं चालतच नाहीत. मला हे जास्त खरं वाटतं. पीएमटीमध्ये लांब छत्री घेऊन उभं राहून बघा. लांबच्याला टोचेल, खेटून उभ्या असलेल्याला काही करता येणार नाही.

आणखी एक गंमत. पाचव्या आवृत्तीत चाबकाला रीच आहे, पण साध्या भाल्याला नाही. मराठा स्वारांच्या हातातलं ओळखीचं हत्यार, आणि त्याचा टप्पा खंजिराएवढा! फेकता येतो, एवढंच.

मग मित्र का चिडला? कारण दोन सेशन आधी मीच घाईत एका शत्रूला अगदी असाच, आत येताना, फटका मारू दिला होता. तेव्हा मार ह्याच मित्राने खाल्ला होता. त्याने तो नियम लक्षात ठेवला आणि त्याच भरवशावर पाइक घेतली. पुस्तक माझ्या बाजूने होतं, पण टेबलवर चूक माझीच होती.

परवा त्याच्या घरी गेलो, चहा झाला, आणि आम्ही दोघांनी मिळून विट्याचा नियम लिहिला. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात आजही दिसतो. आमचा नियम असा : विट्याला दहा फुटांचा रीच. शत्रू धावत टप्प्यात शिरला तर रिअ‍ॅक्शन वापरून एक वार. शेजारच्यावर मारताना डिसअ‍ॅडव्हान्टेज. वीस फुटांपर्यंत फेकता येईल, ओढून घ्यायला बोनस अ‍ॅक्शन. आणि हे सगळं शत्रूंनाही लागू, ही ओळ त्याने स्वतः लिहिली आणि खाली माझी सही घेतली.

पहारेकरी मेला तो मेलाच, ते काही मी मागे घेतलं नाही. शनिवारी तो त्याच्या धाकट्या भावाचं कॅरेक्टर घेऊन येतोय. दोरी तुटली तर काय, हे अजून ठरायचंय. सुचलं तर कळवा.