मूळ पोथीवाचून जुळवलेली पाने

जर्मनीतील हेसन राज्यातले बाड नाउहाइम हे गाव खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी आणि त्या पाण्याने होणाऱ्या हृदयरोगावरील उपचारांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध असून, तेथील माक्स प्लांक हृदय व फुप्फुस संशोधन संस्थेने न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या अभ्यासात मोलाची भर घातली आहे. प्रौढ माणसाच्या हृदयस्नायूच्या पेशींपैकी वर्षाकाठी जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी पेशी नव्याने तयार होतात. न्यूट मात्र हृदयाचा इजा झालेला भाग पुन्हा घडवतो. हे तो कोणत्या प्रथिनांच्या बळावर साधतो, हे कळण्यासाठी त्याच्या जनुकांची यादी हवी. पण त्याचा जीनोम, म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनए, माणसाच्या तीन अब्ज अक्षरांच्या जीनोमच्या सुमारे दसपट आहे.

तो पूर्ण वाचलेला नसताना या संस्थेतील मारिओ लोसो, थोमास ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीत प्रत्यक्ष वापरात असलेल्या जनुकांच्या आरएनए-प्रती वाचल्या. यंत्र या प्रती तुकड्यातुकड्यांनीच वाचते. एकाच पोथीच्या शेकडो प्रती वेगवेगळ्या ठिकाणी फाडून सारे कपटे एका पोत्यात भरावेत आणि मूळ पोथी उपलब्धच नसावी, तशी ही स्थिती होय. प्रती निरनिराळ्या जागी फाटल्यामुळे एका कपट्याच्या शेवटची अक्षरे, उदाहरणार्थ ‘जीएटीटीएसी’, दुसऱ्याच्या आरंभी सापडतात आणि ओळ पुढे सरकते. खरी कसोटी पालुपदापाशी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सारख्याच अक्षरांपाशी, लागते, कारण ज्या कपट्यावर केवळ पालुपद आहे, तो कोणत्या कडव्यामागचा हे त्या कपट्यावरून ठरत नाही आणि चुकीची कडवी एकमेकांना जोडली जातात.

या जुळणीतून 1,20,922 आरएनए-क्रम हाती आले, आणि त्यांपैकी सुमारे 15,000 क्रमांपासून खरोखर प्रथिने बनतात हे वस्तुमानमापन यंत्राने, म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांची वजने मोजून, पडताळले गेले. ही वजनेदेखील संगणकाने जुळवलेल्या यादीशी ताडल्याशिवाय मुकीच राहतात. म्हणूनच जैवमाहितीशास्त्राच्या, म्हणजे जैविक माहितीचा संगणकाने अर्थ लावणाऱ्या शास्त्राच्या, अशा कामाला ‘साहाय्य’ म्हणणे अपुरे आहे. येथे जुळणी हाच शोध होता. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शेपटीवाल्या उभयचरांपुरतीच मर्यादित असलेली 826 प्रथिने आढळली, आणि त्यांपैकी काहींतील रचनाबंधांना तोवरच्या सार्वजनिक माहितीसंग्रहांत कोठेही जोड सापडली नाही.