गळ, तिथी आणि सुवर्णदुर्ग

हर्णैला गळ घेऊन जायचं ठरलं की मी आधी पंचांग उघडतो. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. आठ पाऊणे सहा. म्हणजे अष्टमीला सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. त्या दिवसांत भांगाचं पाणी, ओढ कमी. होडी सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या खडकांशी धरता येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मी जात नाही. जून-जुलैत तर यांत्रिक मासेमारीला बंदीच.

आमिषाला ताजी कोळंबी, शिवाय पिण्याचं पाणी सोबत. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं तोफा डागल्या तो सुवर्णदुर्गाचा हाच तट. त्याखालच्या कपारींत गोबरा मासा दडतो. महादरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव मात्र आधी बघायचं. २०२५ पासून किल्ला जागतिक वारसा आहे. गळाच्या तंगूस दोरीचा तुटका तुकडाही मी तिथे टाकत नाही, खिशात घालून परत आणतो.