बागेतील झाडे व हवामानाचे पट्टे

नाताळाच्या सुमारास मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांत एक निमुळते, डौलदार झाड कुंडीत लावून विक्रीस ठेवलेले दिसते. पाने पिवळसर हिरवी, चुरगाळली तर लिंबासारखा वास. नाव ‘गोल्डन सायप्रस’. हौसेने ते घरी येते, दिवाणखान्यात किंवा गच्चीत मानाची जागा मिळवते, आणि उन्हाळा लागला की खालच्या फांद्यांपासून तांबूस पडू लागते. त्यातून वाचलेच, तर पावसाळ्यात जाते. मग घरातील एक माणूस पाणी जास्त झाले म्हणतो, दुसरा कमी झाले म्हणतो, आणि माळी खताचे नाव घेतो. वास्तविक दोष बहुधा ह्यांपैकी कोणाचाच नसतो. ह्या सायप्रसचे मूळ घर कॅलिफोर्नियातील मॉन्टरे येथील समुद्रकिनारा. तेथे उन्हाळ्यात समुद्रावरून थंड धुके येते आणि पाऊस पडतो तो हिवाळ्यात. पारा गोठणबिंदूच्या काही अंश खाली गेला तरी हे झाड तग धरते. म्हणजे गारठ्याला न डगमगणारे झाड, जेथे पाणी कधी गोठतच नाही अशा मुंबईत मरते.

झाड थंडीने मरत नाही एवढ्यावरून ते जगेलच असे नाही, ही गोष्ट ध्यानात आली तर पुष्कळ घरांचे पैसे, आणि त्याहून मोलाची अशी वर्षे, वाचतील. कुंडीतले रोप गेले तर थोडेसे पैसे जातात; परंतु अंगणात लावलेले झाड चौथ्या-पाचव्या वर्षी, फुलण्याच्या ऐन वेळी बसले, तर ती चार-पाच वर्षे कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाहीत.

पाश्चात्त्य देशांतील बागवानीच्या पुस्तकांत, आणि आता रोपांच्या चिठ्ठ्यांवरही, ‘झोन ५’, ‘झोन ९’ असे आकडे आढळतात. हे आकडे म्हणजे झाडाच्या काटकपणाचे पट्टे होत. ह्या कल्पनेला व्यवस्थित रूप अमेरिकेत आले. बॉस्टन येथील आर्नल्ड आर्बोरेटम ह्या वृक्षोद्यानातील वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडर ह्यांनी १९२७ साली आपल्या ग्रंथात असा एक नकाशा दिला. पुढे १९६० साली अमेरिकेच्या शेतकी खात्याने आपला नकाशा प्रसिद्ध केला, व तोच अनेक सुधारणांनंतर आज सर्वत्र प्रमाण मानला जातो. त्यात एकंदर तेरा पट्टे आहेत. प्रत्येक ठिकाणच्या वर्षातील सर्वांत थंड रात्रीचे उष्णमान घ्यावयाचे, अशा पुष्कळ वर्षांच्या आकड्यांची सरासरी काढावयाची, आणि त्या सरासरीवरून त्या गावाचा पट्टा ठरवावयाचा, अशी ही रीत आहे. एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे साडेपाच अंश सेंटिग्रेडचा फरक पडतो. पहिला पट्टा अलास्काच्या अंतर्भागासारख्या अतिथंड प्रदेशाचा, तर तेरावा पोर्तो रिकोसारख्या उष्ण बेटांचा.

सर्वांत थंड रात्रच का धरली, ह्याचे कारण झाडाच्या शरीरात आहे. कडाक्याची थंडी पडली म्हणजे प्रथम पेशींच्या मधल्या पोकळीतील पाणी गोठते. ते गोठले की पेशींच्या आतले पाणी बाहेर ओढले जाते, आणि पेशी एक प्रकारे तहानेने मरतात. थंड देशांतील झाडे ह्यावर उपाय जाणतात. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की ती वाढ थांबवतात, पाने गाळतात, पेशींत शर्करा साठवतात व हळूहळू थंडीला सरावतात. उष्ण प्रदेशांतील झाडांना ही विद्या अवगत नसते. केळीसारखे झाड तर पाणी गोठण्याच्या पुष्कळ आधीच, दहा-बारा अंशांच्या थंडीत, आजारी पडते. अशा रीतीने तेथील एक रात्र झाडाच्या जन्ममरणाचा निकाल लावते, आणि म्हणून तेथील माळ्याने त्या एका रात्रीचा आकडा जपून ठेवावा हे रास्तच आहे.

तथापि हा आकडा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, हे खुद्द अमेरिकेतही अनुभवास आले. वायव्येकडील सिअॅटल शहर आणि आग्नेयेकडील फ्लॉरिडा प्रांतातील टॅलाहासी ही दोन्ही गावे २०२३च्या नकाशात नवव्या पट्ट्यात येतात. पैकी सिअॅटलचा उन्हाळा सौम्य व कोरडा, टॅलाहासीचा दमट व घाम काढणारा. एका गावी सुखाने वाढणारे झाड दुसऱ्या गावी पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकते. ही उणीव भरून काढण्यासाठी तेथील हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ साली उष्णतेचा निराळा नकाशा काढला. त्यात पारा ३० अंशांच्या वर जातो असे दिवस वर्षातून किती, हे मोजून बारा पट्टे केले आहेत. शिवाय पट्टे स्थिर राहात नाहीत ते वेगळेच. १९९१ ते २०२० ह्या तीस वर्षांच्या नोंदींवरून २०२३ साली थंडीचा नकाशा नव्याने आखला, तेव्हा त्या देशाचा सुमारे निम्मा भाग अर्ध्या पट्ट्याने उबदार बाजूस सरकलेला आढळला.

आता हीच फूटपट्टी महाराष्ट्राला लावून पाहिली तर काय दिसते? मुंबईत आजवर नोंदलेले नीचतम उष्णमान ७.४ अंश, तेही २७ जानेवारी १९६२ रोजी एकदाच. पुण्यात १९३५च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, परंतु दरसालची सर्वांत थंड पहाट धरली तर तो सामान्यतः पाच-सात अंशांच्या आसपास थांबतो. नागपूरचीही तीच कथा. म्हणजे अमेरिकन हिशेबाने पुणे व नागपूर जवळजवळ एकाच, अकराव्या पट्ट्यात बसतात, आणि मुंबई त्यांच्या शेजारी बाराव्यात. परंतु त्याच नागपुरात २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर चढला होता, हे थंडीचा नकाशा कोणास सांगत नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात त्याच्या एकतृतीयांश, तर महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर, हेही तो सांगत नाही. महाराष्ट्रातील झाडाचा वैरी थंडी हा क्वचितच असतो. तो प्रत्येक भागात निराळा आहे, आणि बाग करणाराने प्रथम त्याची ओळख करून घेतली पाहिजे.

कोकणात हा वैरी म्हणजे आषाढातील पाणी. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. जमीन आठवडेच्या आठवडे निथळली नाही तर मातीतील हवा संपते, मुळे गुदमरतात आणि कुजविणाऱ्या बुरशीचे फावते. विलायती लॅव्हेंडर शून्याखाली दहा-पंधरा अंशांची थंडी सोसते, पण रत्नागिरीचा एक पावसाळा सोसत नाही. गुलाबही तेथे पावसाळाभर काळ्या ठिपक्यांच्या रोगाने पाने गाळीत उभा असतो. उलट सुरंगी, बकुळ, सोनचाफा, अनंत, सोनटक्का, अबोली ह्यांना ती हवा मानवते. शेकडो पावसाळे पाहिलेल्या कुळांतलीच ती. त्यांनाही जांभ्या दगडाची उताराची जमीन लागते, हे मात्र विसरू नये. अगदी समुद्राला लागून घर असेल तर पावसाबरोबर खाऱ्या वाऱ्याचाही विचार करावा लागतो. तेथे उंडी, भेंड, केवडा, कण्हेर, नारळ अशी जाड किंवा चिवट पानांची मंडळीच पुढच्या रांगेत लावावीत आणि नाजूक झाडे त्यांच्या आडोशाला.

घाट चढून देशावर आले की पाणी कमी होते आणि माती आडवी येते. काळ्या चिकण मातीत चुन्याचा अंश पुष्कळ असतो. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, आणि शिरा हिरव्या राहून बाकीचे पान पिवळे पडते. कोकणातून हौसेने आणलेला अनंत पुण्या-सोलापूरकडे वर्षानुवर्षे पिवळा राहतो तो ह्यामुळे. शेणखताच्या टोपल्या ओतून हा दोष जात नाही. अनंत हवाच असेल तर तो मोठ्या कुंडीत, लाल माती व पालापाचोळ्याचे खत घालून वाढवावा. देशावरच्या कोरड्या हवेत गुलाब, मोगरा, जाई, तगर, पारिजातक, डाळिंब, सीताफळ ही झाडे मनापासून वाढतात.

विदर्भात पाऊस मध्यम, हिवाळा सुखाचा, परंतु एप्रिल-मेमधील कोरडा तप्त वारा भयंकर. पान स्वतःला थंड ठेवते ते आपल्या अंगातील पाणी वाफेच्या रूपाने सोडून. मुळे जितके पाणी देऊ शकतात त्याहून अधिक वारा ओढू लागला की पानाच्या कडा करपतात. नेचे व अँथुरियमसारखी दमट जंगलातील झाडे तेथे गच्चीत ठेवणे म्हणजे त्यांचा छळच होय. पळस व बहावा ह्या देशी झाडांनी मात्र त्यावर फार सुंदर तोड काढली आहे. उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकून द्यावयाची आणि उघड्या फांद्यांवर फुलावयाचे! तेथील संत्र्याच्या बागाईतदारांनी तर ह्या कोरडेपणालाच कामाला लावले आहे. बागेचे पाणी काही आठवडे तोडून झाडास ताण देतात, व पुन्हा पाणी मिळताच झाड फुलावर येते. हिवाळ्यातील ताणाने आंबिया बहार धरतो, मे महिन्यातील ताण व जूनचा पाऊस ह्यांनी मृग बहार. थंड देशात झाडाला जी विश्रांती बर्फ देतो ती येथे माणूस पाणी तोडून देतो.

ह्या विश्रांतीवरून आणखी एक गोष्ट निघते. काही झाडे थंडी नुसती सोसत नाहीत, त्यांना ती हवीच असते. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना सात अंशांखालच्या थंडीचे आठशे-हजार तास मिळाल्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत. इस्रायलमध्ये तयार झालेल्या ‘अॅना’सारख्या जातीस सुमारे तीनशे तास पुरतात, परंतु मुंबईत तेवढेही कोठून आणावे? ट्यूलिपचा कंद तीनएक महिने थंडीत निजला पाहिजे. म्हणून तो श्रीनगरला शोभतो, आणि पुण्यात शीतकपाटात ठेवून आणलेला कंद एकदा फुलून बहुधा संपतो. पाहुणा म्हणून त्यास आणण्यास हरकत नाही, पण त्याच्यावर बागेची आखणी करू नये.

विलायती पुस्तके वाचून बाग करणारांची फसगत झाडांच्या निवडीत होते तशी वेळेच्या निवडीतही होते. बियांच्या पाकिटावर ‘वसंत ऋतूत पेरावे’ असे छापलेले असते. त्याप्रमाणे पिटुनिया किंवा फ्लॉक्स मार्चमध्ये पेरले तर रोपे एप्रिलच्या उन्हात सापडतात. तीच पावसाळा संपता संपता पेरली की जानेवारीत वाफे भरून जातात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते ते उगीच नव्हे. गुलाबाची मोठी छाटणीही इंग्लंडात हिवाळ्याच्या अखेरीस, तर महाराष्ट्रात पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात करावयाची असते.

ज्या मराठी कुटुंबांनी परदेशी बिऱ्हाड केले आहे त्यांना ह्याच्या नेमके उलट शिकावे लागते. न्यू जर्सीचा बहुतेक भाग सातव्या पट्ट्यात मोडतो, म्हणजे तेथील सर्वांत थंड रात्री पारा शून्याखाली बारा ते अठरा अंश जातो. तेथे मोगरा, कढीलिंब ही झाडे जमिनीत लावण्यात अर्थ नाही. ती कुंडीत वाढवून, रात्री दहा अंशांच्या खाली जाऊ लागल्या की घरात, दक्षिणेकडच्या खिडकीशी आणावी लागतात, व तुळस दरसाल बियांपासून नवी करावी लागते. बाहेर राहणाऱ्या कुंडीतील मुळांना जमिनीची ऊब मिळत नसल्यामुळे, त्यासाठी आपल्या पट्ट्याहून दोन पट्टे अधिक काटक झाड घ्यावे असा तेथील माळ्यांचा ठोकताळा आहे. येथून कढीलिंबाची फांदी सामानात घालून नेण्याचा मोह मात्र टाळावा. त्यावर राहणारी एक बारीक कीड संत्र्या-मोसंबीच्या बागा नासविणारा रोग पसरविते, म्हणून अमेरिकेत त्यास बंदी आहे.

एकाच गावातही हवा सारखी नसते. पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे पाषाणचा पारा लोहगावपेक्षा कित्येकदा काही अंशांनी खाली असतो, कारण थंड हवा जड असते व रात्री सखल भागात उतरून साठते. घरापुरते पाहिले तर पश्चिमेकडील सज्जातील फरशी व भिंत दुपारचे ऊन रात्रीपर्यंत साठवून ठेवतात. तेथे बोगनवेल, कण्हेर ह्यांना आनंद, तर उत्तरेच्या गॅलरीत मनीप्लँट व नेच्याला. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर ऊन कमी असले तरी वारा पाने सुकवितो.

रोप विकत घेताना त्याचे मूळ घर कोठले आणि ते वाढले कोठे, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. महाराष्ट्रात विकली जाणारी पुष्कळ रोपे आंध्रातील कडियम येथून, गोदावरीच्या मुखाजवळच्या दमट हवेतून, मालमोटारींनी येतात. ती एकदम उन्हात मांडली तर दचकतात. पंधरा दिवस सावलीत ठेवून मग हळूहळू ऊन दाखवावे. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे आसपासच्या जुन्या वाड्यांच्या, शाळांच्या, देवळांच्या आवारात एक फेरी मारून, कोणाच्या विशेष देखभालीवाचून वीस-तीस वर्षे उभी असलेली झाडे कोणती, हे पाहणे. कमाल व किमान उष्णमान दाखविणारा तापमापक स्वस्तात मिळतो. तो बाग करावयाच्या जागीच, पण सावलीत टांगून जानेवारीतील पहाटेचा व मे महिन्यातील दुपारचा आकडा वहीत टिपावा, आणि आषाढात पाऊस थांबल्यावर अंगणात पाणी किती तास उभे राहते तेही त्याच पानावर लिहावे. एखाद्या अनोळखी जातीची दहा रोपे घ्यावयाची असतील तर प्रथम एकच आणून त्यास एक उन्हाळा व एक पावसाळा काढू द्यावा, आणि उरलेल्या नऊ खड्ड्यांत तोवर तगर लावावी.