पेपरच्या तळाची बारीक ओळ

डिचोलीच्या बाजारात सकाळी घेतलेला पेपर आपण मथळ्यापासून वाचायला लागतो. शेवटच्या पानाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे बारीक अक्षरांत असतात, तिथवर नजर क्वचितच जाते. गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या वाचकाने मात्र ती ओळ आधी वाचावी.

‘गोमन्तक’ १९६२ साली चौगुले समूहाने काढला. आज तो सकाळ समूहाकडे आहे. ‘नवप्रभा’ १९७० साली धेंपो समूहाने काढला, कोकणी ‘सुनापरान्त’ साळगावकर समूहाने. तिन्ही घराणी तेव्हा खनिज व्यवसायातली. मुक्त गोव्याला दैनिके मिळाली ती या भांडवलामुळे, हे ऋण मानायलाच हवे. पण शिरगावची विहीर आटली, पिळगावच्या शेतात खाणीचा गाळ उतरला, तर ती बातमी किती ठळक लागेल, ही शंकाही तिथेच जन्मते.

बड्या मालकांना आवर घालायला देशात कायद्याचे उपाय झाले. १९५६ च्या कायद्याने आणि १९६० च्या आदेशाने पानांची संख्या किमतीला बांधली. बड्यांनी छोट्यांना गिळू नये, हा हेतू. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा ७ नव्या पैशांत सहा दिवसांची ३४ पाने देई. किंमत वाढवा, नाहीतर पाने कापा, असा पेच पडला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. एकाची पाने कापून दुसऱ्याला वाढवता येत नाही, हा त्या निकालाचा धडा.

मग १९८२ मध्ये दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने वृत्तपत्रे इतर उद्योगांपासून वेगळी करा, असे सुचवले. २०१४ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने भाषा आणि राज्य धरून बाजार मोजायला सांगितले. प्रत्येकाच्या बाजारातल्या वाट्याच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज करायची. ती १८०० च्या वर गेली की मक्तेदारीची घंटा. दहा पेपर समसमान असतील तर बेरीज १०००, दोनच असतील तर ५०००. या शिफारशींचा कायदा झालेला नाही. होईल तेव्हा गोव्यातली मराठी वेगळी मोजावी. नाहीतर महाराष्ट्राच्या आकड्यांत ती हरवून जाईल.

तोवर एवढे तरी व्हावे. १९५६ च्या नियमांनी आणलेल्या ‘फॉर्म ४’ या मालकीच्या निवेदनात एक टक्क्यावर भांडवल असलेल्यांची नावे येत, त्यांचे इतर धंदे येत नसत. आता तेही छापावेत. आणि मालकाचा हितसंबंध असलेल्या खाणीची बातमी असेल, तर तिच्याखालीच तसे एका वाक्यात सांगावे. पिळगावचा शेतकरी मग बातमी आपल्या मापाने तोलून घेईल.