उदाहरणांचीही चाचणी हवी

कोडवर विश्वास ठेवू नका, तो तपासा, असे युनिट टेस्टिंगचे प्रत्येक फ्रेमवर्क सांगते. हाच नियम त्याच्या माहितीपुस्तिकेलाही लागू व्हायला हवा. २०१७ मध्ये जावाच्या जेयुनिट या फ्रेमवर्कची ५ ही आवृत्ती आली तेव्हा ‘बिफोर’ची जागा ‘बिफोरईच’ने घेतली, आणि अपेक्षित एक्सेप्शन ‘असर्टथ्रोज’ने तपासले जाऊ लागले. अशा बदलानंतर जुने उदाहरण वाचताना बिनचूक वाटते, पण नवख्या प्रोग्रामरने ते नव्या आवृत्तीत चालवले की अडते. आणि तो दोष स्वतःकडे घेतो. म्हणून जेयुनिट ५ च्या मार्गदर्शिकेतली बरीच उदाहरणे प्रकल्पाच्या चाचणी-फायलींतूनच घेतलेली असतात. पायथनमध्ये २००१ पासून असलेले ‘डॉकटेस्ट’ मजकुरातली उदाहरणे चालवून उत्तर पडताळते. रस्टमध्ये लायब्ररीच्या दस्तऐवजातली उदाहरणे ‘कार्गो टेस्ट’ आपोआप तपासते.

चालणारे उदाहरण समजेलच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तपासणीला मांडणीची जोड लागते. पायथनच्या पायटेस्ट या फ्रेमवर्कच्या दस्तऐवजात प्राथमिक ओळख, कामापुरती कृती, संदर्भ आणि संकल्पनांचे विवेचन हे भाग वेगळे आहेत. त्यामुळे फिक्स्चर कसे लिहायचे आणि ते मुळात कशासाठी, या दोन प्रश्नांची गल्लत होत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. प्रकल्प सांभाळणारे अनेकजण स्वयंसेवक असतात, हे खरे. पण तपासणी एकदा बिल्डला जोडली की कालबाह्य उदाहरण बिल्डमध्येच नापास होते. तेच वाचकांनी एकेक करून शोधायचे, तर वेळ सगळ्यांचाच जातो, आणि फ्रेमवर्कवरचा विश्वासही.