दारावरचा पहारेकरी

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात सानगडी नावाचे गाव आहे. तेथे टेकडीवर एक जुना किल्ला आहे. किल्ला म्हटला की तट आलाच. परंतु नुसता तट बांधून कोणत्याही किल्ल्याचे भागत नसे. धान्य आत यावे लागे, निरोप बाहेर जावे लागत. म्हणून तटाला दरवाजा ठेवीत आणि दरवाजावर पहारेकरी नेमीत. कोणाला आत सोडावे व कोणाला अडवावे, याविषयीचे हुकूम त्याला दिलेले असत.

आजच्या संगणकालाही असाच एक पहारेकरी असतो. त्याला फायरवॉल म्हणतात. हा शब्द मूळचा बांधकामातला आहे. एका घराची आग शेजारच्या घरात पसरू नये, म्हणून मध्ये जी न जळणारी भिंत बांधतात, ती फायरवॉल. संगणकाची फायरवॉल मात्र विटांची नसून आज्ञावलीची असते. ती बहुतेक संगणकांत असते. शिवाय शाळेच्या किंवा बँकेच्या सर्व संगणकांचे मिळून जे जाळे असते, त्याच्या तोंडाशीही एखाद्या यंत्रात ती बसवलेली असते.

इंटरनेटवरून जाणारी-येणारी माहिती लहान लहान पुडक्यांत बांधलेली असते. पुडके कोठून निघाले, कोठे जायचे आणि कोणत्या दाराने जायचे, हे त्याच्यावर लिहिलेले असते. या दारांना पोर्ट म्हणतात व प्रत्येक पोर्टला क्रमांक असतो. उदाहरणार्थ, सुरक्षित संकेतस्थळांची ये-जा सामान्यतः ४४३ क्रमांकाच्या पोर्टातून चालते. फायरवॉल पुडक्यावरचा मजकूर वाचते, आपल्या नियमांशी ताडून पाहते आणि मगच वाट देते.

परंतु पहारेकरी हुकुमाचा ताबेदार. हुकूम अपुरा असेल, तर तो चोराबरोबर पाहुण्यालाही अडवतो. समजा, शाळेत शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. आज शेवटचा दिवस आहे आणि अर्जाचे पान काही केल्या उघडत नाही. अशा वेळी कोणी तारा उपसतो, कोणी संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू करतो, तर कोणी म्हणतो, “ती फायरवॉलच काढून टाका!” घाईच्या या उपायांनी दोष सापडत नाही, उलट नवे दोष मात्र निर्माण होतात.

दोष कसा शोधावा, हे भाताच्या शेतकऱ्याकडून शिकावे. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. येथील पुष्कळ जुन्या तलावांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. तलावाचे पाणी पाटाने बांध्यांत येते. आपल्या बांधीत पाणी आले नाही, तर जाणता शेतकरी तलावाची पाळ फोडायला धावत नाही. तो आपल्या बांधीपासून निघून पाटाच्या कडेने वर वर चालत जातो. ज्या जागी पाणी दिसते आणि जेथून पुढे पाट कोरडा पडतो, त्या दोहोंच्या मध्येच अडथळा असतो.

संगणकापुढेही असेच जवळून दूर जावे. प्रथम तार नीट बसली आहे का, किंवा वाय-फाय जोडलेले आहे का, ते पाहावे. मग शेजारच्या संगणकावर इंटरनेट चालते का, ते पाहावे. तेथे चालत असेल, तर बाहेरून येणारी वाट शाबूत आहे व दोष बहुधा आपल्याच संगणकापाशी आहे, असे समजावे.

त्यानंतर संगणकाचा पत्ता पाहावा. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. तो बहुधा राउटर नावाच्या यंत्राकडून मिळतो. पत्त्याच्या आरंभी १६९.२५४ हे आकडे दिसले, तर संगणकाला पत्ता मिळालेला नाही व त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे, असा त्याचा अर्थ होतो. मग दोष संगणक व राउटर यांच्या दरम्यान शोधावा.

पत्ता ठीक असेल, तर हाक मारून पाहावी. त्यासाठी पिंग नावाची आज्ञा आहे. अमेरिकेतील माइक मूस यांनी ती १९८३ साली तयार केली. जहाजावरील सोनार यंत्र पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकते. त्यावरून हे नाव पडले. प्रथम राउटरला हाक मारावी, मग बाहेरच्या एखाद्या संगणकाला. मात्र एक सावधगिरी बाळगावी. काही फायरवॉल पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर आले तर वाट मोकळी आहे हे निश्चित. न आले, तर वाट बंदच आहे असे नाही.

कधी आकड्यांच्या पत्त्यावरून उत्तर येते, पण नावाने संकेतस्थळ सापडत नाही. नावांवरून आकडे शोधून देणारी डीएनएस नावाची एक व्यवस्था आहे. दोष तेथे असतो. कधी संगणकाचे घड्याळच चुकीची तारीख दाखवते. त्यामुळेही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. प्रत्येक वेळी एकच बदल करावा, तो वहीत टिपावा, आणि उपयोग झाला नाही तर पूर्ववत करावा.

इतके सर्व ठीक असून, इतर संकेतस्थळे उघडतात व एकच उघडत नाही, असे दिसले, तर ते संकेतस्थळच बंद आहे किंवा पहारेकऱ्याने वाट अडवली आहे. शाळेच्या जाळ्याबाहेर, एखाद्या मोबाइलवर ते उघडत असेल, तर संशय फायरवॉलवर येतो. तेव्हा जाळ्याची देखभाल करणाऱ्यास कळवावे. “इंटरनेट चालत नाही” एवढेच सांगू नये. कोणते संकेतस्थळ, किती वाजता, पडद्यावर कोणती सूचना आली आणि दुसरे काय काय चालते, हे सांगावे. फायरवॉल बहुधा अडवलेल्या पुडक्यांची नोंद ठेवते. ती पाहून जाणकार मनुष्य त्या एका संकेतस्थळापुरती वाट खुली करून देतो.

फायरवॉल काढून टाकणे हा उपाय नव्हे. २००३ सालच्या ऑगस्ट महिन्यात ब्लास्टर नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला आणि लाखो संगणक आपोआप बंद-चालू होऊ लागले. त्यांतील अनेक विंडोज एक्सपीच्या संगणकांत फायरवॉल होती. पण ती चालू केलेली नव्हती. पहारेकरी होता, पण झोपलेला! पुढे २००४ साली मायक्रोसॉफ्टने ती आरंभापासूनच चालू ठेवण्याची व्यवस्था केली.

एका पाहुण्यासाठी कोणी तट पाडत नाही. पहारेकऱ्याला पाहुण्याची ओळख पटवून देतो. अर्ज वेळेवर जावा आणि शाळेचे सर्व संगणकही सुरक्षित राहावेत, असे वाटत असेल, तर धीराने पाटाच्या कडेने चालत जावे, अडथळा नेमका ओळखावा आणि तेवढाच दूर करावा.